बरी झाल्याची लाज

पेणच्या रामवाडीला हायवेच्या कडेला जीप उभी होती आणि मला रडू येत नव्हतं. आई रडत होती. धाकटी बहीण लेआ तोंडाला ओढणी लावून रडत होती. आबा टपावर चढून बॅगांना दोरी आवळत होते. ते सुतार, त्यांची गाठ कधी सुटत नसे, तरी तीच तीच गाठ ते पुन्हा सोडून पुन्हा बांधत होते, म्हणजे खाली उतरायला नको. माझा भाऊ शलोम आणि वहिनी इस्रायलला कायमचे निघाले होते आणि त्यांच्याबरोबर मीही. आळीतली पंधरावीस माणसं पोचवायला आली होती. एकीने हार घातला, एकीने पोह्यांच्या पापडांचं बोचकं हातात दिलं, आणि शेजारच्या काकूंनी सरळ विचारलं, "जावई मागनं येनार काय?"

मी खाली बघितलं. आई डोळे पुसत म्हणाली, "व्हय, मागनं येतील."

काकूंना खरं काय ते ठाऊक होतं, सगळ्या पेणला ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं आणि आईने उत्तर दिलं. जीप सुरू झाली. रडू आलं असतं तर बरं दिसलं असतं, म्हणून मी पदर डोळ्यांना लावला. पदर कोरडाच राहिला आणि खारपाड्याचा पूल यायच्या आत मला सडकून भूक लागली. आईने विमानतळावर खायला म्हणून दिलेला डबा मी तिथेच उघडला आणि दोन घावणे खाल्ले. वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

त्या घावण्यांची मला अजून लाज वाटते. ती का वाटते, हे तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही जे पेण-रोह्याला राहिलात त्यांना, आणि जे माझ्यासारखे इथे येऊन बसलात त्यांनाही. तुमच्यातल्या काहींनी माझी गोष्ट अर्धी ऐकली आहे, आणि ती अर्धी माझ्या बाजूची नव्हे.

आम्ही पेणचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. माझ्या लहानपणीच आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. आबा गणपतीच्या कारखान्यांना लाकडी पाट पुरवायचे. आमच्या घरात मूर्ती नाही, पण भादव्यात मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कितीतरी गणपतींच्या खाली आबांनी रंधलेला पाट असे. शनिवारी रंधा बंद. त्या दिवशी कारखानदाराचा माणूस आला तर अंगणातच उभा राहून म्हणे, "आबानु, उद्याच येतो, आज तुमचा शब्बाथ." आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणत असू. तिथे दहा पुरुष जमले तर प्रार्थना, नाहीतर आबा मोठ्याने जांभई देऊन परत येत.

आईआबांचं भांडण आळीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. मीठ जास्त झालं, भुसा ओटीवर आला, मेहुण्याला पोस्टकार्ड का टाकलं नाही, कशावरूनही. आई भांडी आपटायची, आबा "मी जातो मुंबईला" म्हणून चपला घालायचे आणि फाटकापर्यंत जाऊन "चहा ठेवलास काय गो?" म्हणून मागे यायचे. मला या आरडाओरड्याची लाज वाटे. शाळेतल्या मैत्रिणींच्या घरात कसं शांत असतं, असं वाटे. पण एक गोष्ट खरी, आमच्या त्या घरात मी कधी आजारी पडले नाही. पडसं झालं तर दोन दिवसांत पळून जाई.

नव्वदनंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत माझं लग्न झालं, रोह्याला. एझ्रा कंपनीत होता, शिफ्टमध्ये. उंच, स्वच्छ, पायजम्यालासुद्धा इस्त्री लागे. घर नदीच्या बाजूला, स्वतःचं. सासरे निवृत्त झालेले, सासू हसऱ्या तोंडाची. मी सासूबाईंना मामी म्हणत असे. आत शिरताच मला वाटलं, हेच ते शांत घर.

पहिला महिना बरा गेला. मग एकदा एझ्रा दुसऱ्या शिफ्टवरून आला, मी ताट वाढलं आणि म्हटलं, "आज उशीर झाला?" तो जेवला, हात धुतले आणि झोपायला गेला. ऐकू आलं नसेल, असं मला वाटलं. सकाळी मी चुलीपाशी उभी, तो दारात. माझ्यावरून नजर नेऊन तो मामींना म्हणाला, "तिला सांग, डबा भर."

मी हाताच्या अंतरावर होते. मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डबा भर गो." जणू मला मराठी कळत नाही आणि त्या भाषांतर करताहेत.

ते महिनाभर चाललं. काय चुकलं, ते मी विचारलं, पाया पडून विचारलं. तो भिंतीकडे बघे. मग एका सकाळी "साबण संपलाय" असं माझ्याकडे बघून बोलला, आणि मी इतकी आनंदले की बाजारात पळत गेले. पंधरा दिवस बोलला आणि पुन्हा बंद. कारण तेव्हाही कळलं नाही, आजही माहीत नाही. मी आयुष्यातला कितीतरी वेळ ते कारण शोधण्यात घालवला. मी मोठ्याने हसले होते का? त्याच्या बहिणीला काही बोलले होते का? कारण नव्हतंच, हे पटायला फार वर्षं लागली.

मामी म्हणायच्या, "होईल नीट. यांचं पन असंच हाय." सासरेही मामींशी असेच वागत, ते माझ्या हळूहळू लक्षात आलं. ते एझ्राला सांगत, "तुझ्या आईला सांग, पाणी तापव." एझ्रा मला सांगायला मामींना सांगे. त्या घरात शब्द पुरुषाकडून बाईकडे सरळ जात नसे, वळसा घेऊन जाई. कोणी कोणावर ओरडत नव्हतं. शेजारी म्हणायचे, किती गुणी घर.

माझं पोट दुखायला लागलं. बरगडीच्या खाली, आत मूठ वळल्यासारखं. खाल्लेलं राहीना. केस विंचरताना कंगव्यात झुबके येत. पाळी चुकू लागली, मग बंद पडली. आधी सगळ्यांना आनंद झाला, मग तो आनंदाचा प्रकार नाही असं कळल्यावर माझ्याकडे बघायची नजर बदलली. रोह्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं. फरक पडेना म्हणून अलिबागला नेलं, चुन्यासारखं पांढरं पाजून पोटाचे फोटो काढले. डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाही. सगळं नॉर्मल." मामी "देव पावला" म्हणाल्या. मला मात्र मान खाली घालावीशी वाटली. काहीतरी निघायला हवं होतं. अल्सर, खडा, काहीही. बोट दाखवता येईल असं काहीतरी.

आणि माहेरी आले की दुखणं जाई. पेणला दुसऱ्या दिवशी मी आंबोळ्या मागून खात असे. आबा खूश होत, आई मात्र माझ्याकडे निरखून बघे. परत जाताना पॅसेंजरमध्ये बसले की नागोठण्यापर्यंत ठीक. रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन आलं की मूठ वळायची. गाडी निडीला टेकायची आणि मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकायची. एकदा सुक्या मासळीची पाटी घेतलेली एक म्हातारी समोर होती. ती पुढे वाकून प्रेमाने म्हणाली, "पोटुशी हायस काय गो पोरी? ववा खा थोडा." मी मान हलवली. मी पोटुशीही नव्हते आणि आजारीही नव्हते, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मग मी कोण होते?

आईला एकदा सांगितलं. सगळं सांगितलं, 'तिला सांग' पासून. आईने ऐकून घेतलं आणि बोटं मोडत म्हणाली, "नवरा पीत नाय. हात उगारत नाय. पगार घरात देतो. मंग तुझं दुखतंय काय?"

दाखवायला माझ्याकडे वळ नव्हता. शेजारच्या आळीत एकीला नवरा मारायचा, तिचा हात मोडला तेव्हा सगळ्या बायका धावून गेल्या होत्या. मला तिचा हेवा वाटला. असा हेवा वाटणारी बाई कसली, म्हणून त्याचीही लाज वाटली. आई वाईट नव्हती. तिचं दुःख ती आरडून मोकळं करत असे, न बोलण्याने माणूस आजारी पडतो हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने माझ्या नावाने मलिदा मानला, गुळपोहे-खोबरं-फळांचं ताट मांडून एलियाहू नबीची प्रार्थना करवली. रोह्यातल्या आमच्याच बायका म्हणू लागल्या, "माहेरी पक्वान्नं पचतात, सासरी पेज पचत नाय. ढोंग, दुसरं काय?" मीही रात्रंदिवस तेच स्वतःला विचारू लागले. मी ढोंग करते का? पोट खरंच दुखतं, की मीच दुखवते?

स्वयंपाकघरात फळीवर खायच्या सोड्याचा डबा होता. मामी जेवण झालं की चिमूटभर सोडा पाण्यात घालून पीत. तीस वर्षं पीत होत्या म्हणे. पुढे पुढे मीही पिऊ लागले. आम्ही दोघी पाटावर बसून एकामागोमाग ढेकर द्यायचो आणि एकमेकींकडे बघत नसू.

तिसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, सकाळच्या वेळी मी ओटीवर केर काढत होते. आदल्या दिवसापासून पोटात काही राहिलं नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारलं आणि मी दारातच उंबऱ्याला लागून पडले. शुद्ध गेली नव्हती, हातपाय हलत नव्हते इतकंच. एझ्रा डबा घेऊन निघाला होता. त्याची चप्पल माझ्या डोळ्यांसमोर येऊन थांबली. तो मागे वळून, नेहमीच्याच आवाजात, आत म्हणाला, "आई, तिला सांग, दारातून ऊठ."

मी उठू शकले नाही. तो थोडा थांबला. मग मला ओलांडून शिफ्टला गेला.

मामी आतून आल्या तेव्हा तो फाटक लावत होता. मी उंबऱ्यात आणि तो बाहेर, हे त्यांनी पाहिलं. माझ्याजवळ बसून त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. मग म्हणाल्या, "माझं पन इथंच दुखतं गो," आणि माझा हात घेऊन स्वतःच्या बरगडीखाली ठेवला. "लग्न होऊन आले तेव्हापासून. तू चल."

"कुठं?"

"पेनला. आन परत येऊ नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी ट्रंक स्वतः भरली. सासरे ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी कोणाला काही सांगायला सांगितलं नाही, कारण सांगायला कोणी नव्हतं, दोघी बायका बाहेर निघाल्या होत्या. गाडीत मामी ट्रंकेवर हात ठेवून बसल्या. त्या म्हणाल्या, "मी पन एकदा आयशीकडं गेले होते. एझ्रा पोटात होता. आयशीनं दुसऱ्या दिवशी परत आनून सोडली. म्हनाली, मारत तर नाय ना?"

मला वाटलं होतं, त्या मला पोचवून परत जातील. पण पेणला आल्यावर त्या आबांना म्हणाल्या, "चार मानसं बोलवा. मला बोलायचंय." शनिवारी प्रार्थनेनंतर मशिदीच्या अंगणात आमच्यातले जाणते बसले. आई मला मागच्या बाजूला बायकांत घेऊन बसली होती. तिला वाटत होतं, आता सासू सुनेचे दोष काढणार. मामी डोक्यावरचा पदर सावरून उभ्या राहिल्या. माणसांत बोलायची त्यांना सवय नव्हती, आवाज चिरकत होता.

"माझ्या सुनंत खोट नाय," त्या म्हणाल्या. "खोट माझ्या घरात हाय. माझा मुलगा बायकोशी बोलत नाय. त्याचा बाप माझ्याशी बोलत नाय. ही पोर तिथं मरंल. तिला मोकळी करा."

एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "बाई, न बोलण्यानं कोनी मरत नाय."

मामी म्हणाल्या, "मग माझ्याकडं बघा."

सगळ्यांनी बघितलं. मीही पहिल्यांदाच नीट बघितलं. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली बाई सत्तरीची दिसत होती. गळ्याची हाडं वर आलेली, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला मोकळी करायचं ठरलं, मुंबईला जाऊन रीतसर सोडचिठ्ठी झाली. एझ्रा आला होता. त्याने मला काही विचारलं नाही आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

अंगणातल्या त्या बैठकीनंतर मामी त्याच शनिवारी, शब्बाथ सरल्यावर, संध्याकाळच्या गाडीने रोह्याला परत गेल्या. त्याच घरात. आबा त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. मी गेले नाही. अंगात शक्ती नाही असं मी म्हटलं, आणि ते खरं होतं. पण त्यांना त्या गाडीत चढताना बघायची हिंमत नव्हती, हे जास्त खरं होतं.

आणि मी बरी झाले. हेच तर सांगायचं आहे. दिवाळीपर्यंत गाल भरले, पाळी आली, केस गळायचे थांबले. दुखणं असं गेलं की जणू कधी नव्हतंच. लोकांना आणखी काय हवं होतं? "बघा," म्हणायला लागले, "सोडचिठ्ठी मिळाली न मिळाली तोवर टुणटुणीत." माझं बरं होणं हाच माझ्याविरुद्धचा पुरावा झाला. लेआला एक स्थळ आलं होतं, ते मोडलं. कारण सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं. एका बारशाला गेलो असताना मी दुसऱ्यांदा बिरड्याची उसळ घेतली, तेव्हा आई कानाशी येऊन कुजबुजली, "लोकांसमोर एवढी खात जाऊ नको गो."

तेव्हापासून मी आजारी दिसायला शिकले. बाहेर जाताना फिकी साडी नेसायची, हळू चालायचं, विचारलं तर पोटावर हात ठेवायचा. खरं दुखत होतं तेव्हा कोणी मानलं नाही, आणि आता दुखत नव्हतं तेव्हा मी खोटं दुखवत होते. म्हणजे शेवटी लोकांचंच खरं झालं, मी ढोंगी झाले.

शलोमचं इस्रायलला जायचं ठरलं तेव्हा आबा रंध्यावरून हात न उचलता मला म्हणाले, "तू पन जा. तिथं तुला कोन वळखत नाय. ते बरं." या एका वाक्यावर मी देश सोडला.

आम्ही बेअरशेव्याला आलो. वाळवंटातलं गाव, पाऊस नावाला. पहिले महिने उल्पानमध्ये, म्हणजे नव्या माणसांना हिब्रू शिकवतात त्या वर्गात, रशियातून आलेले डॉक्टर आणि इथिओपियातून आलेल्या आज्या यांच्यामध्ये बसून मी "मी भारतातून आले" एवढं वाक्य घोटत होते. मग वृद्धाश्रमात काम मिळालं. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, गोळ्या द्यायच्या. तिथे मी बघितलं, साठ वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्यातलं एक गेलं की दुसरं कसं काही आजार नसताना वाळत जातं. आणि याच्या उलटही बघितलं, नवरा गेल्यावर एखादी आजी हळूहळू चालायला लागते. नर्सेस एकमेकींकडे बघतात. मी मात्र अशा आजीला जास्त वाढायचे.

शिमोन तिथे गाडी चालवायचा, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेऊन आणायचा. मूळचा मोरोक्कोचा, बायको वारलेली. तो दात घासतानासुद्धा बोलतो. आमचं जमलं तेव्हा त्याने विचारलं, "पहिला मारायचा?"

"नाही."

"प्यायचा?"

"नाही."

आईचेच प्रश्न, हिब्रूत. मी मान खाली घातली. "बोलायचा नाही," मी म्हटलं. आता तो हसेल, याची मी वाट बघत राहिले. इतक्या वर्षांत शिमोन गप्प झालेला मी तेवढा एकदाच पाहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे गाढवाशीसुद्धा बोलतात."

लग्नानंतर तो पहिल्यांदा ओरडला, वीजबिलावरून की कशावरून, तेव्हा माझ्या पोटात मूठ वळली. मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि ठरवलं, आता मीही बोलणार नाही. दोन दिवस बोलले नाही. काय सोपं होतं ते! जेवण वाढायचं आणि भिंतीकडे बघायचं. मला सगळं येत होतं, रोह्याच्या घराने मला पुरतं शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी शिमोनला जेवण जाईना. तो दारावर थापा मारून ओरडला, "शिवी दे! मराठीत दे! मला कळली नाही तरी चालेल!" मी दार उघडून त्याला आबांची एक अस्सल पेणची शिवी दिली. तो खूश झाला आणि दोनदा म्हणून बघितली. मी हसले, पण त्या रात्री झोप लागली नाही. तो अबोला माझ्यातही येऊन बसला होता, आणि माझ्या मुलांपर्यंत पोचला असता.

मामींची चौकशी मी कधी केली नाही. आबांना पेणच्या एसटीडी बूथवर फोन करायचे तेव्हा प्रश्न तोंडाशी यायचा आणि परत जायचा. काय ऐकायला मिळेल याची भीती होती. शतक संपायला आलं होतं, तेव्हा एकदा शलोम म्हणाला, "रोह्याच्या मामी इकडे आल्यात. अश्दोदला, मुलीकडे. तुझ्याबद्दल विचारत होत्या."

मी शिमोनला घेऊन गेले. वाटभर तो बोलत होता आणि मी त्या बाईला काय तोंड दाखवू, याचा विचार करत होते. माझं वजन वाढलेलं, मांडीवर दीड वर्षाची मुलगी. मला परत एकदा फिकी साडी नेसून जावंसं वाटत होतं. दार मामींनी उघडलं. मी ओळखलंच नाही. गळा भरलेला, गालांवर तुकतुकी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बरी दिसतेस गो."

इतकं म्हणाल्या आणि मी दारातच रडायला लागले. रामवाडीला जे आलं नव्हतं ते सगळं तिथे आलं.

आत बसल्यावर त्यांनी सांगितलं. मशिदीच्या अंगणात बोलून त्या परत गेल्या, त्या दिवसापासून सासरे मरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नव्हते. वळसा घेऊनही नाही. शेवटी दवाखान्यात होते, तेव्हा मामी उशाशी बसलेल्या आणि त्यांनी नर्सला सांगितलं, "हिला सांगा, पानी दे."

"मग?"

"दिलं की. पानी कोन नाय देत?" मामी म्हणाल्या. "गेले. मी सात दिवस जमिनीवर बसले, आपल्या सुतकाच्या रीतीपरमानं. घासभर खाल्लं असंल. आठव्या दिवशी उठले आन मला भूक लागली. अशी भूक गो, तीस वर्षांत लागली नव्हती. एकटीनं भाकरीचा ढीग खाल्ला. सोडा पन लागला नाय." त्या थांबल्या आणि आवाज एकदम खाली आणला, मुलीने ऐकू नये म्हणून. "मला लाज वाटली. नवरा गेला आन मला भूक."

मी त्यांचा हात धरला. मला वाटत होतं, जगात ही लाज मला एकटीलाच आहे.

मग मी एझ्राबद्दल विचारलं. तो रोह्यातच होता, एकटा. दुसरं लग्न केलं नाही. मामींनी इकडे यायच्या आधी त्याला चल म्हणून विनवलं, तो भिंतीकडे बघत राहिला. रक्तदाब वाढलाय, गोळ्या घेतो की नाही माहीत नाही, फोन लावला तर उचलून गप्प राहतो. "बापाचं बघून शिकला," मामी म्हणाल्या. "मी त्याला कधी सांगितलं नाय की हे बरं नव्हं. मला वाटायचं, सहन केलं की झालं. आता घरात गप बसायला पन कोन नाय त्याच्यासमोर." त्या रडल्या नाहीत, पण माझ्या मुलीला उगाचच जवळ ओढून तिच्याशी बोलू लागल्या. तिला मराठी कळत नव्हती, तरी बोलत राहिल्या.

शिमोनने मला हिब्रूत विचारलं, "या तुझ्या कोण?" मी अडखळले. हिब्रूत त्या नात्याला शब्द आहे, पण तो माझ्या तोंडातून निघेना. मामींना प्रश्न समजला. मोडक्यातोडक्या हिब्रूत त्या स्वतःच म्हणाल्या, "मी सासू. पहिली." शिमोन उठला, त्याने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, खुर्ची ओढली आणि दोघं एकाच वेळी दोन भाषांत बोलायला लागले. एकाचंही दुसऱ्याला कळत नव्हतं. मी आत जाऊन मामींच्या मुलीबरोबर कांदा चिरायला लागले.

आता तुम्ही विचाराल, घर कुठलं, पेणचं की इथलं? इथे ओळखीचं माणूस भेटलं की विचारतं, कशी आहेस. मी खणखणीत म्हणते, "बेसेदर", म्हणजे ठीक, छान. हिब्रूत मला बरं असायला काहीच वाटत नाही. रविवारी पेणला फोन लावते. आई विचारते, "कशी हायस गो?" आणि माझा आवाज आपोआप खाली जातो. "बरी हाय," मी म्हणते, जवळजवळ कुजबुजत, जणू पलीकडे सगळी आळी कान लावून बसली आहे. आई पण हळूच म्हणते, "बरं, बरं." बाकी कशाला नाही, पण आईच्या त्या दोन शब्दांना मी अजून घर म्हणते. बरी असल्याची लाज मला अजून तिथेच वाटते.